दुःखी असून राहिलेला गायक

दुपारच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काय वं, वळखलं का मले?"

आवाज मी पहिल्याच शब्दाला ओळखला. भाषा मात्र ओळखू आली नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी त्या आवाजाच्या डाव्या हाताला उभी राहून कीबोर्ड वाजवला होता आणि तो आवाज माझ्याशी असा कधीच बोलला नव्हता. मला वाटलं, माझी नक्कल करतोय. ती सवय त्याला होतीच. म्हणून मी कोरडेपणाने विचारलं, "कोण बोलतंय?" तो कोरडेपणा त्याला सोसवला नसावा, कारण लगेच तो आपल्या मूळच्या कॉन्व्हेंटच्या मराठीवर आला.

"अगं, माझा सोलो अल्बम येतोय. पहिलाच. पूर्ण वऱ्हाडीत! मला तुझी मदत लागणार आहे."

मी डब्याचं झाकण लावलं. भूक गेली होती.

तो अमरावतीच्या कॅम्प भागात वाढलेला. वडील दातांचे डॉक्टर, आई कॉलेजात इंग्रजी शिकवायची. त्या घरात नोकरांशी हिंदी, पाहुण्यांशी पुणेरी मराठी आणि कुत्र्याशी इंग्रजी बोलत. वऱ्हाडी आली तर दूधवाल्याबरोबर फाटकापर्यंत यायची आणि तिथूनच परत जायची. मी नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या एका खेड्यातली. वडील मास्तर, त्यांची बदली अमरावतीला झाली म्हणून आम्ही शहरात आलो. आमच्या घरी माणसांशी, देवाशी आणि गाईशी बोलायची भाषा एकच होती.

बँडमध्ये आम्ही चौघं. तो गायचा, मी कीबोर्डवर, ड्रमवर अकोल्याचा एक मुलगा. त्याच्या वडिलांचं स्टीलच्या अलमाऱ्यांचं दुकान होतं आणि तो एकाच वाक्यात हिंदी, उर्दू आणि वऱ्हाडी तिन्ही मिसळायचा. चौथा गिटारवाला पुढे कॅनडाला गेला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बँडचं नाव इंग्रजी होतं. त्यात काळा रंग होता आणि एक जनावर होतं. गायक स्वतः गाणी लिहायचा, तीही इंग्रजीत. त्यांत पाऊस, रिकामे रस्ते आणि एकटेपणा असायचा. या तिन्ही गोष्टी त्याने वडिलांच्या गाडीच्या काचेतून पाहिल्या होत्या.

त्याचा गळा चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, बाई जळते. वरच्या सुरात आवाज थोडा खरखरायचा आणि तरी फाटायचा नाही. गॅदरिंगला मुली ओरडायच्या ते उगाच नव्हतं. पण चांगला गळा हा माणसाचा गुण धरत नाहीत. तो उंचीसारखा असतो. एखादा सहा फूट असतो, त्यात त्याने काय केलं?

तिसऱ्या वर्षी आम्ही पुण्याला एका स्पर्धेत गेलो. दुसरं गाणं सुरू करायच्या आधी त्याच्या माइकची वायर सुटली. ती लावेपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवायचं म्हणून मी माझ्या माइकमध्ये बोलले. काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. "दोन मिनिटं थांबा, आमी आता नवीन गाणं वाजवून राहिलो." समोरच्या अंधारातून हसण्याची एक लाट आली. कुणीतरी "राहिलो, राहिलो" असं ओरडलं. तोवर वायर लागली होती. तो माइकवर आला आणि गोड हसून म्हणाला, "माफ करा हं. आमची कीबोर्डवाली अजून बैलगाडीतून उतरलेली नाहीये." हॉल कोसळला. त्या हशावर स्वार होऊन त्याने गाणं म्हटलं आणि आम्हाला दुसरा नंबर मिळाला.

परतीच्या गाडीत त्याने मला समजावलं. रागावला नाही. समजावलं, हे जास्त वाईट. "तू वाजवतेस छान. पण बोलू नकोस गं. इमेज असते बँडची." ड्रमवाला वरच्या बर्थवरून म्हणाला, "अबे, मी बोललो तर चालते अन् तिनं बोललं तर नाही चालत?" गायक म्हणाला, "तू ड्रमर आहेस, तुझं कोणी ऐकत नाही." त्यावर आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पुढे बँड संपेपर्यंत मी स्टेजवर एक शब्द बोलले नाही.

शिक्षण संपलं तसा बँडही संपला, भांडण न होता. तो पुण्याला गेला. मी इंजिनिअरिंग सोडून पुन्हा बीएस्सीपासून सुरुवात करून केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, लग्न करून अकोल्यात आले आणि ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागले. ड्रमवाला वडिलांच्या दुकानात बसू लागला. गायकाने पुण्यात नवा रॉक बँड केला, तो बऱ्यापैकी चालला, आणि मग मोडला. मधल्या काळात पुण्यामुंबईच्या लोकांना बोलीभाषांचा पुळका आला. कालपर्यंत ज्या बोलण्याला ते हसत होते, त्याला आता तिकीट काढून टाळ्या वाजवू लागले. त्याला हे समजायला वेळ लागला नाही. वारा कुठून येतो हे त्याला कुत्र्यासारखं वासाने कळतं.

मी त्याला ये म्हटलं. का म्हटलं? मदत करायची म्हणून नाही. तो धडपडतो कसा, ते मला जवळून पाहायचं होतं.

दिवाळीच्या आधी तो अकोल्याला आमच्या घरी आला. सोबत पुण्याची एक फोटोग्राफर मुलगी. त्याच्या अंगात जाडाभरडा कुडता होता, गळ्यात काळा दोरा, आणि केस ठरवून विस्कटलेले. आल्या आल्या तो सासूबाईंच्या पाया पडला.

"कशा हाये माय तुमी? बरं हाये ना जी? मले तं भल्ला आनंद होऊन राहिला तुमच्या घरी येऊन."

सासूबाई चपापल्या. त्या जन्मभर अकोल्यात राहिलेल्या, पण समोरचा परगावचा दिसला की आपली ठेवणीतली मराठी काढतात. त्या म्हणाल्या, "बसा ना. आपण पुण्याचे का?"

"नाय जी, मी तं अमरावतीचा."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांची ठेवणीतली मराठी गळून पडली. "मंग असं काहून बोलून राहिले बापा?"

फोटोग्राफर मुलीला काही कळलं नाही. मला कळलं. मी चहा करायला आत गेले आणि ओट्याला धरून हसून घेतलं.

मग त्याने गाणी दाखवली. मी लाल पेन घेऊन बसले होते, शिक्षिकेची सवय. त्याने काय केलं होतं ते सांगते. त्याने आधी पुणेरी मराठीत गाणी लिहिली होती आणि मग त्यांना वऱ्हाडीचा रंग फासला होता. जिथे 'ला' दिसला तिथे 'ले'. जिथे क्रियापद दिसलं तिथे 'राहिलो'. प्रत्येक कडव्यात एक 'काहून', विचारायचं असो वा नसो. आईवरच्या गाण्याचं ध्रुवपद होतं: 'माय, तुझ्याविना मी दुःखी असून राहिलो.'

मी म्हटलं, "असून राहिलो असं कोणी म्हणत नाही."

"का? करून राहिलो म्हणतात, जाऊन राहिलो म्हणतात..."

"करतो आहे, जातो आहे, ते चालू असतं. असणं चालू नसतं. ते असतंच."

"मग काय म्हणतात?"

"दुःखी हाये म्हणतात. खरं तर तेही नाही म्हणत. माय मेली तर वऱ्हाडातला माणूस मी दुःखी आहे असं सांगत नाही. घरात करमत नाही म्हणतो. जेवण जात नाही म्हणतो."

त्याने माझं पेन घेऊन त्या ओळीखाली रेघ मारली. मला वाटलं, पोचलं. मग तो म्हणाला, "पण हाये मीटरमध्ये बसत नाही गं. आणि पुण्यात लोकांना राहिलो फार आवडतं. त्यांना ऐकताच कळतं की हे वऱ्हाडी."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तू चेक केलंयस एवढं पुरे आहे," तो म्हणाला. इतकं खरं तो त्या अख्ख्या भेटीत दुसरं काही बोलला नाही.

त्याला कव्हरसाठी शेतकरी हवा होता. माझ्या वडिलांचे चुलत भाऊ अजून गावी शेती करतात, त्यांना मी फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने गेलो. काका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमची वाट पाहत उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी नवा ट्रॅक्टर धुऊन उभा केलेला, त्याला झेंडूचा हार. काकांना प्रसिद्धीची हौस फार. गावातल्या प्रत्येक फलकावर त्यांचा फोटो असतो.

गायकाचा चेहरा पडला. त्याने चारी बाजूंना पाहिलं. तूर कमरेएवढी हिरवीगार होती.

"काका, भेगाळलेली जमीन कुठी हाये?"

"भेगा?" काका म्हणाले. "भेगा पायजे तं मे मइन्यात या. दिवाळीच्या तोंडावर कुठून आणू?"

"बरं, मग तुमी चष्मा काढून अठी बसा. डोक्यावर हात ठेवा."

"डोक्यावर हात? काहून गा? कोणी मेलं काय?"

"नाय काका. कास्तकाराचं दुःख दाखवायचं हाये."

काकांनी चष्मा काढला, पण बसायला नव्हे, त्याला पाहायला. "औंदाची तूर पाह्यली काय तुमी? अशी तूर गंज वर्सात आली नाही. अन् तुमी मले रडाले सांगता? ट्रॅक्टरसंगं काढा फोटो. काढायचा असन तं."

शेवटी ट्रॅक्टरबरोबर काकांचे फोटो काढले गेले, ते कुठेच वापरायचे नाहीत हे ठरवूनच. मग गायकाने गाडीतून धोतर आणि मुंडासं काढलं. ते त्याने सोबत आणलेलंच होतं. पाण्याच्या पाइपाजवळ जाऊन चिखल घेतला, गालांना आणि कपाळाला फासला आणि सोयाबीन निघालेल्या मोकळ्या तुकड्यात गुडघ्यावर बसून आभाळाकडे पाहू लागला. फोटोग्राफर मुलगी जमिनीवर आडवी होऊन फोटो काढत होती. काका माझ्याजवळ सरकले.

"हा डॉक्टरचा पोट्टा ना वं?"

"हो."

"याच्या घरच्यायले माहीत हाये काय हे?"

जेवायला काकूने रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. भाजी गॅसवर होती हे पाहून त्याला पुन्हा वाईट वाटलं. चूल नाही का, त्याने विचारलं. काकू म्हणाली, मागे आहे, पाणी तापवायची. मग ती चूल पेटवून घेतली, नव्या साडीतल्या काकूला धुरात बसवलं आणि रिकाम्या तव्यावर तिच्या हातांचं चित्रीकरण केलं. काकू खोकत होती आणि हसत होती. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण काकूला मजा वाटत होती, आणि माझा तिरस्कार हा माझा होता, तो तिच्या घरात नेऊन ठेवायचं मला कारण नव्हतं.

अल्बमचा कार्यक्रम अकोल्यात ठेवला. अल्बमच्या नावात माती होती. असणारच. स्टेजवर बैलगाडीचं चाक होतं, ते बायपासवरच्या ढाब्यातून आणलेलं. मागून पाहिलं की त्यावर 'शुद्ध शाकाहारी' असं रंगवलेलं दिसायचं. मडक्यांत कापसाची बोंडं खोचली होती. धुराचं यंत्र होतं. मुख्य पाहुणे उशिरा आले आणि आपल्या वॉर्डातल्या नाल्यांबद्दल बोलले.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्याने मला पडद्यामागे बोलावलं. पायात चप्पल नव्हती, पण पायाला क्रीम लावल्याचा वास येत होता.

"ऐक ना, सुरुवातीला तू दोन शब्द बोल. वऱ्हाडीत. तुझा टोन एकदम ऑथेंटिक आहे."

मी म्हटलं, "मी स्टेजवर बोलत नाही. बँडची इमेज असते. तूच सांगितलं होतंस."

"मी? कधी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. पुण्याचा तो हॉल, ती बैलगाडी, परतीची गाडी, यातलं काही त्याच्याजवळ शिल्लक नव्हतं. इतकी वर्षं मी जे जपून ठेवलं होतं, ते त्याच्या घरी कधी पोचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आज तो जरा तरी ओशाळेल. ओशाळायला आठवण लागते.

"असंच, गंमत केली," मी म्हटलं. "पण बोलणार नाही." आणि जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. मागच्या रांगेत ड्रमवाला होता. त्याला वाजवायला बोलावलं होतं, पण तो म्हणाला होता, "मेरे हाथ अब अलमारी पे ही अच्छे चलते भाई."

गाणी झाली. मला वाटलं होतं, अकोल्याचे लोक तरी हसतील. इथे प्रत्येकाला कळायला हवं होतं की हे सोंग आहे. पण लोक हसले नाहीत. टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पुण्याहून परत आलेल्या मालावर पुण्याचा शिक्का असला की आपले लोक तो डोक्यावर घेतात, मग माल आपल्याच घरून चोरलेला का असेना. 'दुःखी असून राहिलो' सुरू झालं आणि सगळ्यांनी मोबाइलचे दिवे वर केले. त्या उजेडात पाहते तर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

मी हळूच विचारलं, "काय झालं?"

"गानं चांगलं हाये ना वं."

"अवो, पण थे शब्द खोटे हायेत. असं कोणी बोलते काय?"

"असू दे. गळा तं खरा हाये."

मी ऐकून घेतलं. तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. गळा खरा असून शब्द खोटे असतील, तर गळ्याचाच गुन्हा मोठा म्हणायला हवा. पण सासूबाईंची आई त्यांच्या लहानपणीच गेली होती, हे मला माहीत होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

अल्बम बाहेर आला तेव्हा ड्रमवाल्याने आभाराचा मजकूर मला दुकानात वाचून दाखवला. आईवडील, स्टुडिओ, फोटोग्राफर आणि शेवटी 'वऱ्हाडची माती आणि वऱ्हाडची माणसं'. माझं नाव नव्हतं. काकाकाकूंचं नव्हतं.

ड्रमवाला म्हणाला, "तू इसमें किधर है? मिट्टी में या आदमी में?"

"मातीत," मी म्हटलं. "तो मला तिथेच घालायला निघाला होता."

ड्रमवाला इतका हसला की गिऱ्हाईक अलमारी पाहायचं सोडून आमच्याकडे पाहू लागलं.

पुण्याच्या पेपरांनी अल्बमला उचलून धरलं. रांगडा, अस्सल, काळ्या मातीचा, जे शब्द ते आमच्यासाठी राखून ठेवतात ते सगळे वापरून झाले. इथपर्यंत मी सहन केलं. पण मग कॉलेजात ते गाणं आलं. पोरापोरींनी त्यावर रील केल्या. एके सकाळी मी हजेरी घेत होते, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, मी हजर असून राहिलो." वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तिघं म्हणाले. महिनाभरात ते हसण्यासारखंही उरलं नाही. पोरं आपापसात सहज म्हणू लागली, "मी घरी असून राहिलो", "पेपर कठीण असून राहिला." मी एकदा फळ्यासमोर उभं राहून समजावलं की असं वऱ्हाडीत म्हणत नाहीत. पुढच्या बाकावरची एक मुलगी, मूर्तिजापूरकडची, चांगली हुशार, म्हणाली, "मॅडम, आमी तं म्हणून राहिलो ना." तिचं चुकीचं नव्हतं. आमच्या बोलीत त्याने एक खोटं नाणं सोडलं होतं आणि ते बाजारात चालत होतं.

गेल्या महिन्यात त्याची एक मुलाखत पाहिली. तो दुसऱ्या अल्बमच्या तयारीला लागला आहे. या वेळी समुद्र. त्याच्या आईची आई म्हणे रत्नागिरीकडची होती, त्यामुळे समुद्र त्याच्या रक्तात आहे. पावसाळा संपला की तो कोळ्यांच्या वस्तीत जाऊन राहणार आहे आणि गाणी मालवणीत असतील. अंगात आता जाळीदार बनियन होतं. 'आमका', 'तुमका' करायला त्याने सुरुवातही केली होती.

आमच्या कॉलेजात बायोलॉजीला एक सर आहेत, मालवणचे. नोकरीसाठी अकोल्यात आले आणि इथल्या उन्हाला शिव्या देत राहिले. मासे मिळत नाहीत म्हणून कायम उदास. मी त्यांना ती मुलाखत दाखवली. त्यांनी ती पूर्ण पाहिली, मध्येच थांबवून त्याचा एक शब्द पुन्हा ऐकला आणि मोबाइल मला परत दिला.

"येवंदे तेका," ते म्हणाले. "बांगडे साफ करूक बसवतलंय."

त्यांनी हे इतक्या गंभीरपणे म्हटलं की मला राहवलं नाही. मी घरचे रोडगे त्यांच्या डब्यात घातले आणि आम्ही दोघं घंटा होईपर्यंत त्याच्याबद्दल वाईट बोलत बसलो, मी माझ्या भाषेत आणि ते त्यांच्या.